ऐंशीवर अडलेला पारा

माझ्याकडच्या पेटीच्या सोलर कुकरमध्ये पाणी सुरुवातीला भराभर तापायचं आणि ऐंशी अंशांच्या आसपास येऊन थांबायचं. ऊन कडक, आकाश निरभ्र, आरसा नीट लावलेला, तरी पुढचे दहा-पंधरा अंश काही केल्या चढायचे नाहीत. ऐंशीलाही अन्न शिजतं, पण रेंगाळत शिजतं. नव्वदीच्या वर गेलं की शिजायला लागणारा वेळ झपाट्याने कमी होतो. ते वरचे अंश मला हवे होते. ते कसे मिळवले ते इथे लिहिते आहे, आणि ज्या क्रमाने मिळवले त्याच क्रमाने लिहिते आहे, कारण या कामात क्रमाला फार महत्त्व आहे.

पेटी साधी आहे. बाहेरून लाकूड, आत काळा रंग दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, दोन्हींच्या मध्ये उष्णतारोधक भरण, वर दोन काचांचं झाकण आणि बिजागरीवर उघडणारा एक आरसा. काच अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, म्हणजे पाव चौरस मीटर. स्वच्छ दुपारी सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे ९०० ते १००० वॅट ऊन पडतं. (वातावरणाच्या बाहेर हाच आकडा १३६१ आहे, बाकीचं हवा वाटेत गिळते.) ९००च्या हिशेबाने माझ्या काचेच्या वाट्याला सव्वादोनशे वॅट येतात. आरसा त्यात थोडी भर घालतो, काचा थोडं कापून घेतात. एवढ्याच भांडवलावर सगळा कारभार.

ज्याला विचारावं तो आणखी आरसे लाव म्हणायचा. आरसे मी मुद्दाम शेवटी ठेवले. आधी मला बघायचं होतं की आत आलेली उष्णता जाते कुठे.

त्यासाठी मोजमाप नीट बसवणं भाग होतं. भांड्याच्या झाकणाला तारेपुरतं भोक पाडून थर्मोकपलची, म्हणजे टोकाशी तापमान मोजणारी, तार आत सोडली. तिचं टोक पाण्याच्या मधोमध राहील, तळाला किंवा बाजूला टेकणार नाही, हे बघितलं. पाणी दर वेळी दोन लिटर. सोलर कुकरच्या चाचणीसाठी एएसएई या अमेरिकी कृषी अभियंत्यांच्या संस्थेचं एस५८० नावाचं एक मानक आहे. त्यात ऊन अडवणाऱ्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला सात किलो पाणी घ्यायला सांगितलं आहे आणि दर दहा मिनिटांनी नोंद करायची असते. माझ्या पेटीला ते प्रमाण साधारण दोन लिटरच्या आसपास बसतं. शिवाय ऊन रोज सारखं नसतं, म्हणून एक छोटं सौर पॅनेल काचेशेजारी काचेच्याच कलात ठेवलं आणि मल्टीमीटरने त्याचा शॉर्ट-सर्किट करंट (दोन टोकं सरळ जोडल्यावर वाहणारी वीज) मोजत गेले. हा करंट उन्हाच्या प्रमाणात वाढतो-घटतो, त्यामुळे कालच्या आणि आजच्या उन्हातला फरक त्यावरून कळतो. हे नसतं तर एखादी सुधारणा खरंच लागू पडली की त्या दिवशी ऊनच कडक होतं, हे सांगता आलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. तापमानाचा आलेख काढला तर त्याची दोन टोकं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिली वीसेक मिनिटं सोडून द्यायची, कारण तेव्हा पत्रा आणि भांडं तापत असतं. त्यानंतर पाणी कोमट असताना चढ किती आहे ते बघायचं. त्या वेळी आतल्या-बाहेरच्या तापमानात फारसा फरक नसतो, म्हणून उष्णता बाहेर जात नाही म्हटलं तरी चालेल. हा चढ निव्वळ जमेचा. वर, ऐंशीच्या पुढे, जमा तेवढीच असते, पण खर्च वाढलेला असतो. तिथला चढ म्हणजे जमा वजा खर्च. सुरुवातीलाच चढ मंद असेल तर ऊन कमी पडतंय किंवा ते पाण्यापर्यंत पोचत नाहीये. सुरुवात चांगली असून वर अडत असेल तर गळती आहे. माझं दुखणं उघडच दुसऱ्या प्रकारातलं होतं.

खर्च वेगळा मोजायची युक्ती अगदी सोपी आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. पाणी तापून अडलं की काचेवर सावली येईल असा मोठा पुठ्ठा थोड्या अंतरावर उभा करायचा, आणि पाणी किती वेगाने उतरतं ते बघायचं. ऊन बंद, म्हणजे जमा शून्य, उरला तो फक्त खर्च. दोन लिटर पाणी मिनिटाला एक अंश उतरत असेल तर ते सुमारे १४० वॅट गमावत असतं. (एक किलो पाण्याचा एक अंश म्हणजे ४१८६ ज्यूल. त्याची दुप्पट करून साठ सेकंदांनी भागायचं.) माझ्या पेटीत ऐंशीवरचा उतार जवळजवळ तेवढाच निघाला. आणि पाणी कोमट असतानाचा चढही मिनिटाला एक अंशाच्या आसपासच होता. जमा आणि खर्च समोरासमोर येऊन उभे राहिले होते. पारा ऐंशीवर का अडतो, याचं उत्तर दोन आकड्यांत मिळालं.

मग खर्चाची फोड केली. पुठ्ठ्याची सावली तशीच ठेवून काचेवर जाड पांघरूण टाकलं. उतार जितका मंदावला तितका वाटा काचेतून जाणाऱ्या उष्णतेचा. उरलेला वाटा बाजू, तळ, फटी आणि वाफेचा. पांघरुणाने फरक पडला, पण मला वाटला होता तेवढा नाही. काचेच्या खालीच कुठेतरी बरीच गळती होती.

फटी शोधायला उदबत्ती वापरली. वारा नसलेल्या खोलीत, गरम पेटीच्या झाकणाच्या कडेकडेने धुराची रेघ हळूहळू फिरवत नेली. बहुतेक ठिकाणी ती सरळ वर जात होती. मागच्या बिजागरीपाशी मात्र ती एकदम बाहेरच्या बाजूला ढकलली गेली, आणि समोरच्या एका कोपऱ्याच्या खालच्या अंगाला आत ओढली गेली. गरम हवा वरच्या फटीतून बाहेर, थंड हवा खालच्या फटीतून आत, असा वाहता रस्ताच तयार झाला होता. कडेची फोमची पट्टी तापून तापून कडक झाली होती. दाबली तर परत फुगत नव्हती. ती खरवडून काढली आणि सिलिकॉन रबराची पट्टी बसवली, कारण साधा फोम या तापमानाला टिकत नाही. बिजागरीच्या बाजूला झाकण खाली ओढून धरेल अशी एक कडी जास्तीची लावली. एवढ्यानेच उतार डोळ्यांत भरेल इतका मंदावला.

वाफेचं प्रकरण मला आकडे मांडल्यावर पटलं. झाकणाच्या आतल्या काचेवर दव जमतं, हे सगळेच बघतात आणि पुसून टाकतात. पण एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० ज्यूल लागतात. भांड्यातून मिनिटाला फक्त एक ग्रॅम वाफ निसटली तरी जवळपास ३८ वॅट गेले. १४० वॅटच्या कमाईत हे ३८ फार मोठे आहेत. मी चाचणीच्या आधी आणि नंतर भांडं पाण्यासकट वजनकाट्यावर ठेवलं आणि घट मोजली. ढिल्या झाकणाच्या भांड्यात ती चांगलीच भरली. मग काठावर घट्ट बसणारं, थोडं जड झाकण घेतलं आणि तारेच्या भोकाभोवती उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावली. दाब साचू नये म्हणून वाफेला नावापुरती वाट ठेवली. भांडं हवाबंद करून तापवायचं नाही, हे मी इथे ठासून सांगते. काचेवरचं दव गेल्याचा दुसरा फायदा म्हणजे ऊन सरळ आत येऊ लागलं. थेंबांवर पडलेलं ऊन विखुरतं आणि त्यातलं काही परत बाहेर जातं. तिसरा फायदा उशिरा कळला. तीच वाफ फटीतून भरणात शिरत होती.

कारण पुढे तळ उघडला तेव्हा भरण ओलसर निघालं. भरणाचं सगळं काम त्यात अडकलेली स्थिर हवा करते. हवेतून उष्णता फार हळू वाहते, पाण्यातून तिच्या वीसपट-पंचवीसपट सहज. म्हणजे भरण ओलं झालं की ते भरण राहत नाही. काचलोकर उन्हात पसरून पूर्ण वाळवली (हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून, तिचे तंतू टोचतात आणि छातीत जातात), आणि परत भरताना दाबून बसवली नाही. दाबली तर हवा निघून जाते. आतल्या गरम पत्र्याला लागून कोणी थर्माकोलही घातला होता. तो पत्र्याच्या बाजूने वितळून आखडला होता, मागे पोकळी राहिली होती. थर्माकोल शंभराच्या आतच मऊ पडायला लागतो. रिकामी पेटी उन्हात राहिली तर पत्रा त्याच्या बराच पुढे जातो. तो काढून टाकला. पत्र्याच्या मागच्या, म्हणजे भरणाकडच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत फॉइल लावली. चकचकीत धातू गरम झाला तरी उष्णता प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, फारशी बाहेर टाकत नाही.

काचांबद्दल मला सगळ्यात जास्त उत्सुकता होती, कारण हा प्रश्न जुना आहे. १७६७ मध्ये ओरास बेनेडिक्ट द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने एकावर एक काचा लावून अशीच गरम पेटी बनवली होती आणि पुढच्या सुधारलेल्या पेटीत पाणी उकळण्याच्या तापमानाच्याही वर तो पोचला होता. तीही लाकडी, आतून काळी, भोवती भरण. अडीचशे वर्षांत मांडणी फारशी बदललेली नाही, आणि या गोष्टीचा मला आनंद वाटतो.

काच ऊन आत सोडते आणि गरम पत्र्यातून निघणारी लांब लहरींची उष्णता अडवते. पण प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के ऊन उलटून जातं, म्हणजे एका काचेला आठ, शिवाय काचेतलं लोह थोडं शोषून घेतं. काचेची कड आडवी धरून बघा: ती जितकी हिरवी तितकं लोह जास्त. माझ्यासारख्या साध्या काचा दोन लावल्या तर ऊन सत्तर टक्क्यांच्या आसपास उरतं. तिसरी काच तात्पुरती ठेवून बघितली. अपेक्षेप्रमाणे सुरुवातीचा चढ मंदावला आणि वरचा उतार कमी झाला. माझ्या कामाला, शंभराच्या आतल्या तापमानाला आणि फार गार नसलेल्या हवेत, ती पुरेशी कमाई परत करत नव्हती. काढून ठेवली. हवा बोचरी असेल, वारा भरपूर असेल, तिथे हिशेब तिच्या बाजूने फिरू शकतो. माझ्या दोन काचांतलं अंतर मात्र बदललं. ते इतकं कमी होतं की उष्णता मधल्या पातळ हवेतून सरळ पार होत होती. दीड सेंटीमीटर केलं. यापेक्षा फार वाढवण्यात अर्थ नाही, कारण मग मधली हवा फिरायला लागते आणि स्थिर हवेचा फायदा संपतो.

वाऱ्याची एक नोंद इथेच करते. बाहेरच्या काचेवर झुळूक आली की सावलीतला उतार लगेच वाढतो, हे आकड्यांत दिसतं. पेटीच्या तीन बाजूंना सावली पडणार नाही असा बुटका आडोसा केला तरी फरक कळतो.

आता जमेकडे. भांडं पत्र्यावर ठेवलं होतं, पण तळाला किंचित फुगवटा असल्याने ते तीन-चार ठिकाणीच टेकत होतं. एका सपाट पट्टीची कड तळावर आडवी धरली तर खालून उजेड दिसायचा. पेटीच्या कुकरमध्ये बरंचसं ऊन काळ्या पत्र्यावर पडतं आणि पत्र्यातून स्पर्शाने भांड्यात जातं. मध्ये हवेचा थर आला की पत्रा तापत राहतो, पाणी मागे राहतं, आणि जास्त तापलेला पत्रा उष्णता जास्त उधळतो. कारण प्रारण निरपेक्ष (केल्विनमध्ये मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. तळ सपाट असलेलं, उंचीला कमी, पसरट भांडं घेतलं. बाहेरून आणि झाकणावर चकाकी नसलेला काळा रंग दिला. असा रंग पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत ऊन शोषतो. नवा रंग दिला की भांडं रिकामं ठेवून पेटी एक-दोन दिवस उन्हात तापवायची आणि वास पूर्ण जाईपर्यंत त्यात अन्न ठेवायचं नाही. रंग भांड्याच्या आत कुठेही नको.

पेटीच्या आतल्या उभ्या भिंती मी काळ्या ठेवल्या नाहीत, चकचकीत केल्या. काळी भिंत ऊन शोषून भरणाला देते, चकचकीत भिंत ते भांड्यावर टाकते.

आणि मग आरसे. झाकणाचा आरसा उघडून, भांडी काढून, पेटीत नुसता पांढरा कागद पसरला आणि कवडसा कुठे पडतो ते बघितलं. जवळपास एक तृतीयांश कवडसा काचेच्या बाहेर, लाकडी कडेवर पडत होता. आरसा एक अंश फिरवला की कवडसा दोन अंश फिरतो, त्यामुळे हाताने अंदाजे लावलेला आरसा सहज चुकतो. कोन धरून ठेवणारी, खाचा असलेली पट्टी लावली. पेटीच्या कडेवर एक खिळा काटकोनात ठोकला. त्याची सावली आरशाकडे सरळ गेली की पेटीचं तोंड सूर्याकडे बरोबर झालं. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणून दर अर्ध्या तासाने तेवढं बघायचं. त्यानंतर दोन बाजूंना दोन परावर्तक वाढवले. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चांगलं ऐंशी टक्क्यांच्या वर ऊन परतवते, पण सुरकुती पडली की ते हवं तिथे जात नाही. मी ती लाटण्याने, मधूनच न थांबता, एका दमात दाबून बसवली.

सूर्य खाली असताना पेटी कलती ठेवणं हा आरशाइतकाच मोठा फायदा निघाला. सूर्य चाळीस अंशांवर असेल तर आडव्या काचेला सरळ उन्हाच्या फक्त चौसष्ट टक्के मिळतं, आणि फार तिरपं ऊन काचेवरून उलटतंही जास्त. मागच्या बाजूला लाकडाची पाचर घालून पेटी सूर्याकडे कलवली. भांड्याला आत पातळ पत्र्याची सपाट बैठक दिली, नाहीतर पाणी सांडतं. बैठक आणि पत्रा यांचा संपर्क चांगला हवा, हे वरच्या कारणानेच.

आरसे वाढवल्यावर काळे चष्मे आणि हातमोजे लागतातच. कवडशाकडे सरळ बघू नये. आणि बाहेरची काच टफन्ड (तापवून मजबूत केलेली) असावी, कारण गरम काचेवर पाण्याचा थेंब पडून ती तडकू शकते.

हे सगळं झाल्यावर पाणी सुरुवातीला पूर्वीपेक्षा वेगाने चढू लागलं, आणि मुख्य म्हणजे ऐंशीला न अडखळता नव्वदीच्या पुढे, चांगल्या उन्हात उकळीपर्यंत जाऊ लागलं. सावलीतला उतार निम्म्याच्याही खाली आला. उष्णता टिकत असल्यामुळे एखादा ढग आला तरी पाणी फारसं उतरत नाही. पूर्ण ढगाळ दिवशी मात्र नाही. ढगाळ उजेड सगळीकडून येतो, त्याला आरसे वळवू शकत नाहीत.

पेटी रिकामी ठेवून शेवटची एक चाचणी केली. पत्र्याचं कमाल तापमान आणि बाहेरचं तापमान यांच्या फरकाला उन्हाच्या वॅटने भागायचं. १९८७ मध्ये मलिक, कांडपाल आणि सक्सेना या संशोधकांनी सुचवलेला, कुकरचा दर्जा सांगणारा हा पहिला गुणांक भारतीय मानकातही आहे, आणि तिथे ०.१२ किंवा त्याहून जास्त आला तर कुकर वरच्या वर्गात जातो. आरसा बंद ठेवूनच मोजायचा असतो, म्हणजे पेटीची स्वतःची पत कळते. बाहेर तीस अंश आणि ऊन ९०० वॅट असेल तर पत्रा एकशे अडतीसपर्यंत जायला हवा. माझा त्याच्या थोडा अलीकडे थांबतो. काचेतली गळती अजून बाकी आहे, म्हणून पुढे कमी लोहाची काच आणि पत्र्यावर निवडक लेप, म्हणजे ऊन शोषणारा पण उष्णता कमी फेकणारा थर, लावून बघणार आहे. त्यातली काच आधी, कारण ती बदलायला सोपी आहे आणि तिचा परिणाम सुरुवातीच्या चढात लगेच दिसेल.